फुकटच्या सुखाचा हिशेब

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ मुंबईहून आला होता. तो विरारला राहतो आणि अंधेरीला नोकरी करतो. रत्नागिरीत येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच त्याने मला विचारले, "तुम्ही लोक इथे दिवसभर करता तरी काय गं? मला तर दुपारनंतर वेळच जात नाही." मी म्हटले, "दादा, आम्ही राहतो." तो हसला, मीही हसले. पण तो गेल्यावर माझे उत्तर मलाच पुरेना. राहतो म्हणजे नेमके काय करतो? आणि हे राहणे असे काय मोलाचे आहे, की ते सोडून जाताना माणसाला काही वाटावे?

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आमच्या वर्गात 'बी.ए. झाल्यावर पुढे काय?' असे सरांनी विचारले, तर निम्म्याहून अधिक जणांचे उत्तर 'मुंबई' नाहीतर 'पुणे' असे येते. 'काय करणार?' याचे उत्तर पुष्कळांपाशी नसते, पण 'कुठे जाणार?' याचे तयार असते. रत्नागिरी म्हणजे आम्हांला जणू एस.टी. स्टँड वाटतो. गाडी लागेपर्यंत बाकावर बसायचे, शेंगदाणे खायचे आणि गाडी लागली की पिशवी उचलायची. स्टँडवर कोणी घर बांधत नाही आणि स्टँड स्वच्छ राहावा म्हणून कोणी झटतही नाही.

याच्या उलट दुसरी एक तऱ्हा आहे. आपल्याच या वार्षिक अंकात दर वर्षी एखादा तरी लेख 'आमची रत्नागिरी म्हणजे स्वर्ग' अशा थाटाचा असतो. नारळी-पोफळी, रुपेरी वाळू, निळा समुद्र, लोकमान्यांचे जन्मस्थान, हापूस आंबा! यांतले काहीही खोटे नाही. पण असे लेख वाचताना मला नेहमी वाटते, की लेखकाने हा समुद्र बहुधा सुट्टीच्या दिवशीच पाहिला असावा. माझे बाबा ट्रॉलरवर खलाशी आहेत आणि आई मासे विकते. आमच्या घरात समुद्राकडे 'बघायला' कोणी जात नाही. समुद्रावर जायचे ते कामाला.

माझे म्हणणे या दोन टोकांच्या मधले आहे. या लहानशा शहरात राहण्यात रोजची म्हणून काही सुखे आहेत, ती खरी आहेत आणि आयुष्याच्या जमाखर्चात ती मांडलीच पाहिजेत. पण मांडताना ती कोणाच्या वाट्याला येतात आणि कोणाच्या येत नाहीत, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

आधी जमेची बाजू पाहू.

पहिले सुख अंतराचे. आमची वाडी भाट्याच्या खाडीपलीकडे आहे. एस.टी. वेळेवर आली तर मी अर्ध्या तासात कॉलेजात पोचते. कॉलेजपासून वाचनालय, बाजार, स्टँड आणि मांडवीचा किनारा, सगळे पायी जाण्याजोगे आहे. आतेभावाचे रोजचे जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर अठरा तास! मला हे अठरा तास कोणी पगार म्हणून दिलेले नाहीत, म्हणून ते मला श्रीमंती वाटत नाहीत. पण संध्याकाळी पाच वाजता शेवटचा तास संपल्यावर सव्वापाचला पाय समुद्राच्या पाण्यात असू शकतात, ही श्रीमंती नाही तर काय?

दुसरे सुख ज्ञानाचे आहे, आणि तेही फुकटचे. माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. पण 'आज भरती किती वाजता?' असे विचारा, ते घड्याळ किंवा मोबाईल न बघता सांगतील. तिथीची पाऊणपट करायची, की झाली वेळ. आज चतुर्थी असेल तर चार पाउणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाउणे सहा. दुसऱ्या दिवशी भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असल्यामुळे होड्यांना भरतीच्या पाण्यावरच आत यावे लागते. तेव्हा हा हिशेब चुकून चालत नाही. पुढे भूगोलाच्या तासाला चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती कशी येते हे सरांनी फळ्यावर आकृती काढून समजावले, तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटीच खुदकन हसले. सरांनी कारण विचारले. मी बाबांची पाउणकी सांगितली. सरांनी ती फळ्यावर लिहून घेतली आणि म्हणाले, "हे तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण बरोबर आहे." त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मला दुसऱ्या कुठल्या शहरात मिळाला असता, असे वाटत नाही. घरचे शहाणपण आणि कॉलेजचे शहाणपण एकाच फळ्यावर आले होते.

तिसरे सुख वाचनालयाचे. आपल्या शहरातले नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पण या शहरात पुस्तकांचे कपाट मात्र माझ्या पणजोबांच्याही आधीपासून उघडे होते. ते आमच्यासाठीही उघडे आहे, हे आम्हांला कळायला मात्र एवढी वर्षे लागली. पावसाळ्यात तिथे बसावे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बाहेर कौलांवर तो कोसळत असतो, आत कोणी काही बोलत नाही, ओल्या छत्र्या दाराशी गळत असतात, आणि समोर एक पुस्तक. परत जाण्याची घाई नाही, कारण एस.टी. बंद असण्याचीच शक्यता जास्त!

चौथे सुख पायाखालच्या वाळूचे. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. नावे पाण्यावरून नाहीत, वाळूवरून पडली आहेत. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे असतात. ती मुठीत घेतली तर वजनही निराळे लागते. खाडी ओलांडली की भाट्याचे सुरूबन. ओहोटीला बायका कोयते घेऊन खडकावरची कालवे काढत असतात. एका संध्याकाळी पायी फिरण्याच्या टप्प्यात एवढी विविधता असलेली गावे किती असतील?

आणि पाचवे सुख ओळखीचे. इथे माणूस हरवत नाही. बारावीच्या परीक्षेच्या दिवशी माझी एस.टी. चुकली. पुलाजवळ उभी राहून मी रडकुंडीला आले होते. एका रिक्षावाल्या काकांनी रिक्षा थांबवली आणि विचारले, "कुणाची गो तू?" मी बाबांचे नाव सांगितले. त्यांनी मला केंद्रावर सोडले आणि पैसे घेतले नाहीत. "तुझ्या बापसाकडनं बांगडे घेईन," म्हणाले. अर्थात, तेही त्यांनी कधी घेतले नाहीत.

ही झाली जमा. आता खर्चाची बाजू लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

'कुणाची गो तू?' हा प्रश्न नेहमीच एवढा मायेचा नसतो. मांडवीच्या कठड्यावर वर्गातल्या मुलाशी दहा मिनिटे बोलले, तर घरी पोचण्याआधी बातमी पोचलेली असते. मुंबईत आपल्याला कोणी ओळखत नाही, याचे माझ्या आतेबहिणीला वाईट वाटत नाही. उलट तोच तिला मोकळा श्वास वाटतो. ज्या ओळखीने मला परीक्षेला पोचवले, तीच ओळख मला सातच्या आत घरात बसवते. मुलगे हे सुख लिहितात तेव्हा त्यांना ही बाजू दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरा खर्च याहून मोठा आहे आणि तो सांगताना मला संकोच वाटतो. मी प्रथम वर्षात असताना मैत्रिणींबरोबर बाजारात गेले होते. त्यांतल्या दोघी बाहेरगावच्या. त्यांना मासळीबाजार बघायचा होता. सुरमई, पापलेट, कोलंब्यांचे वाटे आणि भांडून भाव करणाऱ्या बायका यांचे त्या मोबाईलवर फोटो काढत होत्या. "किती रंगीत आहे गं सगळे!" एकजण म्हणाली. त्या रंगीत सगळ्यात चौथ्या जागेवर माझी आई बसली होती. मी तिला पाहिले. तिनेही मला पाहिले. मी मान फिरवली. आणि याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे आईनेही मान फिरवली. मला अवघड वाटू नये म्हणून! घरी गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्या पोरी बऱ्या घरच्या दिसत होत्या. डबा खाल्लास ना गो?"

त्या दिवसापासून 'सुंदर' हा शब्द मी जपून वापरते. मैत्रिणींना जे सुंदर दिसत होते, त्यासाठी माझी आई पहाटे पाचला मिरकरवाड्याच्या लिलावात उभी असते, आणि दिवसभर ओल्या फरशीवर बसून तिची कंबर धरते. दिवसभर तिथे बसणाऱ्या बायकांना जवळपास धड स्वच्छतागृह नाही. समुद्रकिनाऱ्यावरचे सुख म्हणून आपण ताटातली जी मासळी मिरवतो, तिच्या मागे हे सगळे आहे. दोष मैत्रिणींचा नाही. दोष असलाच तर माझा. कारण त्यांना माहीत नव्हते, आणि मला माहीत होते.

तिसरा खर्च सर्वांना ठाऊक आहे, पण आपण तो बोलून दाखवत नाही. या मातीतले जे उत्तम, ते बाहेर जाते. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पहिली पेटी वाशीच्या बाजारात जाते, आम्ही रायवळ आणि डागी आंबे खातो. मोठे पापलेट मुंबईला आणि त्याही पलीकडे जाते, आम्ही तारल्या खातो. तारल्या वाईट नसतात. तिरफळ घातलेले तारल्यांचे कालवण ज्याने खाल्ले नाही, त्याची मला कीव येते! पण आंबे आणि पापलेट यांच्या पाठोपाठ बारावी झालेली मुलेही त्याच वाटेने जातात, तेव्हा मात्र हसू येत नाही. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. ती गाडी गणपतीला माणसे आणते हे खरे, पण बाकीचे वर्षभर ती जास्त करून नेतेच.

इथे थिबाराजाची आठवण होते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या राजाला पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली इथेच त्याचा अंत झाला. आपण पाहुण्यांना हौसेने त्या टेकडीवर नेतो. खाली खाडी, पलीकडे भाटे, पुढे अरबी समुद्र. यासारखे दृश्य साऱ्या शहरात नाही. राजाही रोज हेच पाहत असेल. पण त्याच्यासाठी हे दृश्य म्हणजे तुरुंगाची भिंत होती, कारण त्याला इथून जाण्याची मुभा नव्हती. यावरून मला एक गोष्ट उमगली. सुख नुसते जागेत नसते. त्या जागी राहायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीक असेल, तरच ती जागा सुखाची होते.

आणि ही मोकळीक दोन्ही बाजूंनी हवी. ज्या मुलीला बाहेर पडायचे आहे, तिला 'सातच्या आत घरात' म्हणून अडकवू नये. तिच्यासाठी रत्नागिरी थिबाचा राजवाडा होईल. पण ज्याला राहायचे आहे, त्याला पोटासाठी हाकलले जाणे हीसुद्धा हद्दपारीच आहे. थिबाला इंग्रजांनी इथे आणून बसवले. आमच्या पोरांना गरज इथून उठवते. 'मुंबईला चांगली नोकरी लागली' म्हणून आपण पेढे वाटतो, तेव्हा जमेत पगार लिहितो. पण खर्चात गाडीतले अठरा तास, हरवलेली संध्याकाळ आणि आईच्या हातचे कालवण लिहायला विसरतो. दोन्ही लिहून मग ज्याने त्याने ठरवावे. ठरवल्यावर कोणी कोणाला हसू नये. गेलेल्याने राहिलेल्याला आळशी म्हणू नये, राहिलेल्याने गेलेल्याला परका म्हणू नये.

यावर कोणी म्हणेल, की ही सुखे फावल्या वेळाची आहेत, गरिबाला त्यांचे काय? हा आक्षेप मी स्वतःवरच पुष्कळ दिवस घेत होते. कॉलेजात आले म्हणून तर मला संध्याकाळी मांडवीला बसायला वेळ मिळाला. माझ्या आईबाबांना तो कधी मिळाला नाही. मग हे सुख माझे कसे? ते तर त्यांच्याकडून उसने घेतलेले!

त्याचे उत्तर मला गेल्या जुलैत मिळाले. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा हंगाम असतो, आणि समुद्रही खवळलेला असतो. लहानपणी मला हे दिवस फार आवडत, कारण बाबा घरी असत. दुपारी ओटीवर जाळे विणत बसत आणि मला सुई भरून द्यायला सांगत. याच दिवसांत घरात सुके बोंबील आणि उधारी यांवर दिवस काढावे लागतात, हे मला फार पुढे कळले. तर गेल्या जुलैच्या अखेरीस दोन दिवस पावसाने उघडीप दिली. मी आईबाबांना म्हटले, "चला, मांडवीला जाऊन बसू." आई म्हणाली, "तिथं काय काम?" काम काहीच नाही, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला.

आम्ही कठड्यावर बसलो. मी तिघांसाठी भेळ घेतली. आईने आधी किंमत विचारली आणि मग खाल्ली. बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटले, त्यांना कंटाळा आला. मग ते म्हणाले, "इथनं बघायला बरा वाटतो गो समुद्र. आम्ही नेहमी तिकडनं किनारा बघतो." थोड्या वेळाने आई म्हणाली, "तुझ्या कॉलेजच्या पोरी रोज येतात इथं?" मी म्हटले, "येतात." ती म्हणाली, "यावं की."

एवढेच झाले. यात कोणाचे दारिद्र्य संपले नाही आणि आईची कंबरही बरी झाली नाही. पण हे सुख शिकलेल्यांचे आणि ते कष्टकऱ्यांचे नव्हे, ही माझी समजूत त्या कठड्यावर संपली. त्यांना सुख नको होते असे नव्हे. त्यांना कोणी 'चला' म्हटले नव्हते, आणि तशी सवडही कोणी ठेवली नव्हती.

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, या लेखाचे तात्पर्य 'रत्नागिरी सोडू नका' असे नाही. मी स्वतः पुढे इथे राहीन की नाही, हे आज सांगू शकत नाही. बी.एड. करून इथेच शिक्षिका व्हावे असे मनात आहे, पण जागा निघाल्या तर! मात्र जोवर इथे आहोत, तोवर स्टँडवर बसल्यासारखे बसू नये, एवढेच माझे म्हणणे. ज्यांच्या हाती शहराचा कारभार आहे, त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी रोषणाई मागण्याआधी बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह मागावे. मुलींना अंधार पडल्यावरही निर्धास्त बसता येईल, असे दिवे किनाऱ्यावर मागावेत. मिऱ्याच्या किनाऱ्यावर धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारा घालावा लागला. किनारासुद्धा आपोआप टिकत नाही, हे लक्षात ठेवून निदान आपल्या हातचा प्लॅस्टिकचा कचरा तरी वाळूत टाकू नये. आणि ज्यांच्या आईबापांनी मांडवीला कधी नुसते बसून पाहिले नाही, त्यांनी एकदा त्यांना घेऊन जावे.

आतेभाऊ गणपतीला पुन्हा येईल आणि पुन्हा विचारील, "तुम्ही दिवसभर करता तरी काय?" या खेपेस मी त्याला आधी बाजारात नेणार आहे, चौथ्या जागेवर. मैत्रिणींनाही तिथे नेऊन झाले आहे. "ही माझी आई," असे मी त्यांना सांगितले. आईने त्यांना कोलंबीचा वाटा स्वस्तात दिला आणि संध्याकाळी घरी मला म्हणाली, "पोरी बऱ्या आहेत, पण भाव करता येत नाही गो त्यांना!"

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला